फाटकापाशी राहिलेला एक जोड

माणसं वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. कामचुकार, भांडकुदळ, एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं हाताखाली असती, तर मी रोज रात्री डाराडूर झोपले असते. पण माझ्या वाट्याला आली ती एकमेकांवर जीव टाकणारी. त्या जीव टाकण्यापायी त्यांच्यातल्याच एकाचा जीव जायची वेळ आली होती.

बेंगळुरूच्या मेट्रोच्या एका डेपोत रुळांची देखभाल करणारी एक ठेकेदार कंपनी आहे, तिच्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. आमच्या घराण्यात सगळ्यांनाच दुसऱ्याला चार गोष्टी सुनावायची सवय. मी त्याचा पगार घेते एवढाच फरक. आम्ही इथले किती पिढ्यांचे हे कुणाला धड सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, पण ती पुण्याच्या पाहुण्यांना ऐकवली की ते हसू दाबतात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत होतो, भाजीवाल्यालाही अण्णाच म्हणतो, आणि दोघांशीही सारख्याच जोरात भांडत आलो.

आमच्या मेट्रोला डोक्यावर तारा नाहीत. गाडी ज्या दोन रुळांवर धावते, त्यांच्या बाजूला एक तिसरा रूळ असतो आणि त्यातून वीज येते. वरून झाकण घातलेला तो रूळ दिसायला अगदी गरीब गाय. त्यात वीज असताना हात लागला तर माणूस संपला. म्हणून दुपारी, गाड्या शहरात धावत असताना, डेपोतल्या एकेका भागाची वीज दोन तास बंद करून घ्यायची, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. तेवढ्या वेळात आमची माणसं आत जाऊन बोल्ट आवळणार, खडी सारखी करणार, आणि सगळे बाहेर आले की मी नियंत्रण कक्षाला फोन करणार. मग वीज परत सुरू.

सगळे बाहेर आले हे कळायला फाटकापाशी एक फळा होता. प्रत्येकाचा नंबर घातलेला पितळी बिल्ला. आत जाताना फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. फळा रिकामा म्हणजे रूळ रिकामे. पद्धत इतकी सोपी की ती बिघडेल कशी, असं मला वाटायचं.

या माणसांचे मुकादम म्हणजे आमचे मामा. निपाणीकडचे. आधी रेल्वेत रूळ सांभाळण्यात जन्म घालवला, निवृत्त झाले, आणि घरी करमेना म्हणून आमच्याकडे आले. दिवसभर मी कन्नड आणि हिंदी बोलून दमलेली असायची. मामांचं ते खणखणीत सीमेवरचं मराठी कानावर पडलं की मला माहेरी आल्यासारखं वाटायचं. अर्थात माहेरी गेल्यावर मी जशी भांडते, तशीच मामांशीही भांडायची.

मामांची एक खोड होती. काम संपलं, सगळे फाटकाकडे निघाले, की हे पुन्हा उलट चालत जाऊन शेवटपर्यंत एकदा नजर टाकून यायचे. कुठे पाना राहिला का, कुठला बोल्ट कच्चा राहिला का. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे त्यांना परत यायला वेळ लागायचा. आणि बिल्ल्यांचा फळा होता उंचावर.

तर आमचा रायचूरकडचा वेल्डर, देहानं रेडा आणि मनानं वासरू, आपला बिल्ला काढताना मामांचाही काढून खिशात घालायचा. मामांना टाचा वर करून हात पुरवावा लागू नये म्हणून. चहाच्या टपरीवर मामा आले की ग्लासाबरोबर बिल्ला हातात द्यायचा. हे मला पत्ता न लागता कित्येक महिने चाललं होतं. ज्याच्यावर सगळ्यांची माया जास्त, त्याचा बिल्ला सगळ्यांत आधी निघायचा.

त्या दुपारी फळा रिकामा झाला आणि मी फोन लावला. नियंत्रण कक्षात एक गृहस्थ बसतात. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही, पण रोज फोनवर त्यांचं पहिलं वाक्य एकच, “ऊटा आयता, मॅडम?” म्हणजे जेवण झालं का. ब्लॉकच्या घाईत ही चौकशी ऐकून माझं डोकं फिरायचं. त्या दिवशी का कोण जाणे, मी “आयता” म्हणून गप्प न बसता चित्रान्न, म्हणजे आपला फोडणीचा भात, खाल्ल्याचं सांगितलं. मग ते विचारू लागले, शेंगदाणे घातले होते का. घातले होते. कैरी की लिंबू? मी “लिंबू” म्हणत मान वर केली, तर वळणापलीकडून नारिंगी जाकीट घातलेले मामा एका हातात पाना घेऊन, दुसरा हात गुडघ्यावर टेकवत, तिसऱ्या रुळाच्या अगदी कडेनं हळूहळू चालत येत होते.

माझ्या तोंडून अजून “सगळे बाहेर आहेत” एवढंच निघायचं राहिलं होतं.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. बाकीच्यांना आठवतं आणि ते अजून नक्कल करून दाखवतात. वेल्डरच्या खिशातून बिल्ला निघाला तेव्हा तो मोठा माणूस मटकन खाली बसला आणि रडायला लागला. आणि मामा, ज्यांचा जीव वाचला होता ते, मलाच रागावले. “पोराला कशापायी बोलताय मॅडम? माझ्या गुडघ्याचा इचार केला त्यानं. माझी माणसं आत हाईत का भाईर, ह्ये मला फळ्याकडं बघून कळायचं व्हय?”

“तुम्हाला नाही मामा, मला कळायला हवं,” मी म्हणाले. “वीज मी सुरू करायला सांगते.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. चित्रान्नावरून तर मनच उडालं. त्या माणसानं मी जेवले का विचारलं नसतं, तर मामा घरी गेले नसते. ही काही सुरक्षा नव्हे, हे नशीब. आणि नशिबाच्या भरवशावर राहायचं तर मला पगार कशाला?

मग मी कामाला लागले, म्हणजे मला जे येतं ते केलं. तीन भाषांत सूचना लावल्या. त्या फलकाला ऊन चांगलं लागायचं, म्हणून आठवड्याभरात त्यावर टॉवेल वाळू लागले. पडद्यावर चित्रं दाखवून तास घेतला. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण बाई बोलताना मान डोलावणं हेही त्यांच्या चांगुलपणातच बसतं. बाहेर येताना सही करायची वही ठेवली. पंधरा दिवसांनी पाहते तो मामांच्या नावापुढे तीन वेगवेगळ्या हातांच्या सह्या, आणि तिन्ही मामांच्या सहीपेक्षा देखण्या. बिल्ल्यावर फोटो चिकटवले, की स्वतःच्या फोटोला तरी माणूस स्वतः हात लावेल. वेल्डर पुन्हा सापडला. या वेळी त्यानं मामांचा फोटो देवाच्या फोटोशेजारी, शर्टाच्या खिशात जपून ठेवला होता. मामा त्याच्यासमोरच उभे होते, हे त्याचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. पण एकदा मामा समोर असतील आणि एकदा नसतील. मी कपाळाला हात लावला.

उपाय सापडला तो मल्लेश्वरमच्या आमच्या घरात, रविवारी सकाळी, आणि तो सापडल्याचं श्रेय आईला दिलं तर ती आणखी दहा वर्षं ऐकवेल म्हणून मी तिला अजून नीट सांगितलेलं नाही.

महिन्यातून एकदा आमच्याकडे आईच्या ओळखीच्या बायका स्तोत्रं म्हणायला जमतात. आईला माणसं मोजता येत नाहीत. समोर बोलणारी माणसं असली की तिचं लक्ष बोलण्यात जातं. ती चपला मोजते. स्वयंपाकघरातून वाकून दाराबाहेर बघते आणि त्या हिशेबानं कॉफीचं दूध वाढवते. त्या दिवशी मंडळी निघाली, निरोप झाले, जिन्यातले पुन्हा निरोप झाले, आणि मी दार लावायला गेले तर आई आतून ओरडली, “स्वल्प थांब गं! बागिल लावू नको. एक जोड आहे अजून. कोण राहिलं बघ मागं.”

“सगळ्या गेल्या आई. मी स्वतः बघितलं.”

“तू माणसं बघितलीस. चप्पल सोडून कोण जातं?”

मी मागच्या गॅलरीत जाऊन पाहिलं. तिथे एक अक्का अमेरिकेतल्या सुनेशी फोनवर भांडण्यात रंगून गेल्या होत्या. मला कुलूप लावून बाहेर जायचं होतं, ते मी लावलंच असतं.

अक्का चपला घालून गेल्या आणि मी दारातच उभी राहिले. आमची माणसं डेपोत चपला घालून येतात. फाटकापाशी चपला काढतात, कंपनीचे जड बूट चढवतात आणि आत जातात. बाहेर आले की आधी ते बूट फेकतात, कारण चेन्नईचा उन्हाळा आणि आमचे बूट यांत फार फरक नाही. चपलांचा तो ढीग होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली मी रोज ओलांडत होते आणि वर अस्ताव्यस्तपणाबद्दल बोलत होते. मामांचा बिल्ला मायेनं खिशात घालणारा माणूस मामांच्या चपला खिशात घालणार नव्हता. आणि माया फारच उतू जाऊन त्यानं त्या टपरीवर नेल्याच, तर मामा अनवाणी येऊन त्याच चपलेनं त्याला हाणणार होते.

सोमवारी मी हे मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एवढं शिकून तुमी चपलांची राखण करणार?”

“करणार.”

“मग पायताणाला खण तरी बरं करा. माझ्यावर ह्या वेल्डरचा ढिगारा पडतो.”

जुन्या लाकडी पेट्यांचे खण झाले. बिल्ल्याचाच नंबर प्रत्येक खणावर, मामांनी स्वतः रंगवलेला. नियम दोनच, तेही मामांनीच बोर्डावर रंगवलेले. आत जायचं तर चप्पल आपल्या खणात. दुसऱ्याच्या चपलेला हात लावून ती काढायची नाही. बिल्ले राहिले, वही राहिली, पण फोन करण्याआधी मी खण बघू लागले. वरून एक साहेब पाहणीला आले आणि विचारते झाले, “हे काय देऊळ आहे?” मी म्हटलं, देवळात चप्पल चोरीला जाते, इथे गेली तर वीज येत नाही. त्यांना ते पटलं असावं, कारण कागदोपत्री त्याला “वैयक्तिक वस्तूद्वारे उपस्थिती पडताळणी” असं भारदस्त नाव मिळालं. आमचे लोक त्याला चप्पल स्टँडच म्हणत राहिले.

पहिली परीक्षा घेतली ती डेपोतल्या कुत्र्यानं. एका दुपारी सगळे बाहेर, सगळे बिल्ले काढलेले, आणि एका खणात एकच चप्पल. जोड नाही, एकच. याचा अर्थ काय काढायचा? मालक बूट न काढताच टपरीवर पाय हलवत बसला होता, हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत अर्धी माणसं त्याला हाका मारत रुळांवर शोधून आली. दुसरी चप्पल कुत्र्याच्या तोंडात सापडली. वीज उशिरा सुरू झाली, नियंत्रण कक्षातले गृहस्थ जेवणाची चौकशी न करता बोलले, म्हणजे किती चिडले असतील बघा. मी मात्र मनातून खूष होते. एका चपलेसाठी माणसं माणूस शोधायला निघाली होती. खालच्या खणांना जाळीची दारं लावली आणि कुत्र्याला बिस्किटं.

आता माझी गोष्ट सांगते, जी मला सांगायची नव्हती.

माझ्या नावाचा खण नव्हता. मी अधिकारी. मी आत जायची, पण पाच-पाच मिनिटांसाठी. माझे बूट वर केबिनमध्ये असायचे आणि चपलाही तिथेच टेबलाखाली. त्या आईनं हौसेनं मागवलेल्या कोल्हापुरी, त्या मी होंगेच्या धुळीत आणि कुत्र्याच्या पुढ्यात का ठेवू? बिल्लाही माझा ड्रॉवरमध्येच. दोन-चारदा मामा म्हणाले होते, “मॅडम, तुमचा खण?” मी म्हणाले होते, “मला कसला खण? फोन मीच करते ना. मी आत असताना मी फोन कसा करीन?” या युक्तिवादावर मी भलतीच खूष होते.

मग आमच्याकडे एक नवी इंजिनिअर आली. हुशार बाई, रोज व्हाइटफील्डहून वाहतुकीशी झुंजत यायची. एका गुरुवारी मी तिला म्हटलं, आज फोन तुम्ही करा, सवय होऊ दे. तिला फळा दाखवला, वही दाखवली, खण दाखवले. आणि ब्लॉक संपायला वीस मिनिटं असताना मला आठवलं की पलीकडच्या टोकाला तिसऱ्या रुळावर नवी झाकणं बसवली आहेत, ती नीट बसलीत का बघायला हवं. पाच मिनिटांचं काम. बूट घातले, केबिनच्या मागच्या जिन्यानं उतरले आणि गेले. फोन केबिनमध्ये चार्जिंगला. कुणालाही सांगितलं नाही.

झाकणं नीट बसली नव्हती. एक सैल होतं. मी रुळाशी उकिडवी बसून ते हातानं हलवून बघत होते, दाबत होते, मनात कुणाला कसं झापायचं याची वाक्यं जुळवत होते. माझ्या आणि फाटकाच्या मध्ये देखभालीची एक गाडी उभी होती, त्यामुळे फाटकावरून मी कुणाला दिसत नव्हते. पाच मिनिटांची किती झाली, मला कळलं नाही. घड्याळ पाहिलं तेव्हा ब्लॉक संपून गेला होता.

खरं सांगते, तेव्हासुद्धा मला पहिल्यांदा भीती वाटली नाही, राग आला. वेळ टळून गेली, वीज अजून का नाही दिली? नव्या बाईंना फोन करता येत नाही का? मी तावातावानं फाटकावर आले. सगळी माणसं रांगेत उभी. टपरीवर कुणीही गेलेलं नव्हतं. इंजिनिअर बाई फोन हातात घेऊन पांढऱ्याफटक.

“ब्लॉक का नाही परत दिला?” मी विचारलं. “फळा रिकामा आहे ना?”

“रिकामा आहे,” त्या हिंदीत म्हणाल्या. “मी फोन लावलाही होता. मामांनी लावू दिला नाही. म्हणाले, एक जोड आहे.”

मी खणांकडे पाहिलं. सगळ्यांत वर, ज्याला नंबर नाही असा एरवी रिकामा असणारा खण होता. त्यात माझ्या कोल्हापुरी होत्या. टाचा मागे, अंगठे पुढे, नीट जुळवून ठेवलेल्या.

मला बूट घालताना मामांनी खालून केबिनच्या खिडकीत पाहिलं होतं. मी मागच्या जिन्यानं गेले, ते पुढच्या जिन्यानं वर चढले, टेबलाखालून माझ्या चपला काढल्या, आणि ते दुखरे गुडघे घेऊन, चपला दोन्ही हातांत धरून, सगळ्यांच्या देखत जिना उतरून आले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. ज्या हातांनी त्यांनी ते नंबर रंगवले होते त्याच हातांनी.

मला जे सुचलं ते इतकं खुळचट होतं की अजून लाज वाटते. मी म्हणाले, “मामा, दुसऱ्याच्या चपलेला हात लावायचा नाही असा नियम आहे.”

“काढायची न्हाई असा हाय,” मामा शांतपणे म्हणाले. “ठेवायची न्हाई असं कुठं लिवलंय? मीच रंगवलाय बोर्ड.”

वेल्डर हसला. मग सगळेच हसले, इंजिनिअर बाईसुद्धा, काही न कळता. मी हसायला तोंड उघडलं आणि मला रडू कोसळलं. मामांनी ते पाहिलं आणि पाठ वळवून उगाचच बुटांची रांग सारखी करत बसले, म्हणजे मला डोळे पुसता यावेत.

“बस की, पोरी,” बूट सारखे करता करता ते म्हणाले. एरवी त्यांनी मला मॅडमशिवाय हाक मारलेली नव्हती. “आदी पायताण घाल. मग बोल काय बोलायचं ते.”

मी तिथल्या बाकावर बसले. बूट काढले, बाकीच्यांच्या बुटांच्या रांगेत ठेवले, वरच्या खणातून माझ्या चपला घेतल्या आणि घातल्या. खण रिकामे झाले की नाही हे सगळ्यांनी माना उंचावून पाहिलं. मग इंजिनिअर बाईंनी फोन माझ्यापुढे धरला.

“ऊटा आयता, मॅडम?” पलीकडून आवाज आला. उशीर झाला म्हणून चिडलेला होता, तरी विचारलंच.

“आयता,” मी म्हणाले. “सगळे बाहेर आले आहेत.” आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुढे म्हणाले, “मीसुद्धा.”